लंगोटाचं कापड

माझी मुलगी वीस दिवसांची असताना तिच्या मांड्यांची कातडी सोलून निघाली. दोष माझाच होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे माझं बाळंतपण सासरी, गोंडपिपरीजवळच्या खेड्यात झालं होतं, आणि चंद्रपूरहून येताना मी तयार डायपरची पाकिटं पोतंभर आणली होती. वैशाखातलं ऊन, डोक्यावर टिनाचं छप्पर आणि त्या कोवळ्या अंगाला दिवसरात्र प्लॅस्टिक. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि सुनावलं, "हे आधी फेका. स्वच्छ, जुनं, सुती कापड वापरा. जखम चिघळली तर भरती करावं लागेल."

मला शिवण येतं, आणि त्याचा मला जरा गर्वही आहे. मी घरी येऊन जाहीर केलं की संध्याकाळपर्यंत दोन डझन लंगोट तयार. कापडाचं अडेल हे डोक्यातच आलं नाही.

पहिले सहा लंगोट नवऱ्याच्या बनियनचे शिवले. तो चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा, त्यामुळे विचारायचा प्रश्न नव्हता. ओले झाले की ते ताणून मुलीच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. मग टॉवेल फाडला. टॉवेल पाणी छान पितो, पण त्याचे खरबरीत फासे सोललेल्या जागी घासले आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. मग दुकानातून कोरा मांजरपाट आणला. दोनदा उकळला, तरी लंगोट जमिनीवर आपल्या पायावर उभा राहील इतका ताठ. मुलगी रडायची, मी रडायची, आणि मशीन बंद पडायचं.

सासूबाईंनी पेटी उघडून जुन्या साड्या काढल्या. मी प्रत्येकीच्या पदराचा एकेक धागा ओढून चुलीत धरला. सुती धाग्याला जळल्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. नायलॉन-पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. सात साड्या, सात मणी.

"माह्या भावानं देलेली साडी जाळून काऊन पाहून राह्यली वो?" सासूबाई चिडल्या.

"मला सुती पाहिजे, आई."

"आता कोन नेसते सुती? वावरात पिकते कापूस. घे तिथून."

त्यांचं खरं होतं. शेतात कापूस पिकतो, आणि घरात हातभर सुती फडकं नाही. मी शेजारच्या चार घरी गेले. बायकांनी आनंदानं साड्या दिल्या आणि मी त्यांच्या देखत धागे जाळले. दोघी माझ्याशी पुढे महिनाभर बोलल्या नाहीत. वागणूक माझी तशीच होती, काय बोलणार?

या सगळ्या काळात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या खोलीकडे फिरकलेही नव्हते. उलट त्यांनी आपली खाट गोठ्याजवळ नेऊन टाकली होती. मुलीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची आमच्या घरी पद्धत नाही, त्यामुळे मी विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याला नात नको होती, नातू हवा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. मामाजी ठेवणीतलं धोतर नेसून उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी पांढऱ्या कापडाच्या दोन घड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि दोन पावलं मागं सरकले.

"बाई, हे धोतरं हायेत. सोड्यात उकळून आनले," ते खाली बघत म्हणाले. "जाळून पाहा म्हनलं."

मी जाळून पाहिलं नाही. कापड हातात घेतलं तेव्हाच कळलं. कित्येक वर्षं दगडावर आपटून, घामानं भिजून, उन्हात वाळून ते सायीसारखं झालं होतं. ताठ किनार कापून टाकली आणि मधलं कापड घेतलं. धोतराचा सगळ्यात झिजलेला, सगळ्यात मऊ भाग कोणता, ते सांगायला नको. तोच मी आतल्या बाजूला लावला, दोन पदरी, आणि सगळी शिवण बाहेरून घातली. मुलीला पहिला लंगोट बांधला, तेव्हा ती रडली नाही. हात-पाय झाडत छताकडे बघत राहिली. मी मशीनवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मामाजी दिसले आणि माझा हात तोंडावर गेला. उभ्या जन्मात धोतराशिवाय न दिसलेला माणूस नवऱ्याच्या ट्रॅकपँटमध्ये होता, बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या असलेल्या. रोजची धोतरं दोनच होती त्यांच्याकडे. दोन्ही त्यांनी मला दिली होती. चौकातल्या पानठेल्यावर लोकांनी त्यांना सोडलं नाही. "भाऊ, पोलीस भरतीत धावाले चालले काय?" कोणीतरी म्हणालं. "नातीच्या मांगं धावा लागन ना आता," मामाजी म्हणाले. हे मला सासूबाईंनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की हातांना भेगा आहेत, लेकराला ओरबाडतील, म्हणून ते मुलीला घेत नव्हते, आणि खोकला होता म्हणून खाट लांब नेली होती. मी त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते आठवून मला आजही लाज वाटते.

आठ-दहा दिवसांत जखमा सुकल्या. भरती करायची वेळ आली नाही. नवऱ्यानं चंद्रपूरहून वडिलांसाठी दोन कोरी धोतरं आणली. तीही मांजरपाटासारखीच ताठ. मामाजी ती रोज आलटून पालटून नेसायचे आणि सासूबाईंना हात लावू न देता स्वतः विहिरीवर नेऊन धुवायचे, दगडावर इतकी आपटायचे की मला भीती वाटायची. एकदा मी न राहवून बोललेच, "मामाजी, नवी धोतरं आहेत. फाटतील अशानं."

"फाटत नाई वो बाई, नरम होते," ते म्हणाले. "गावात अजून लेकरं येतीन ना. त्याइले का कोरं कापड देतो?"

त्यानंतर गावात सात लेकरं जन्मली. सातही घरांतून लंगोट शिवायला माझ्याकडे मामाजींच्या धोतराचंच कापड आलं, आणि ते मी एकदाही जाळून पाहिलं नाही.