उन्हातलं खुरपं
हाडांच्या औषधाची पुडी दुधात ढवळली, की तिच्या गोडसर वासाने मला सासूबाई आठवतात. चाकणजवळचं आमचं शेत बिल्डरला दिलं आणि तिथंच उभ्या राहिलेल्या सोसायटीत आम्हाला फ्लॅट मिळाला. जन्मभर उन्हात राबलेली ती बाई त्या सावलीत बसून बसून भिंत धरून उठू लागली. डॉक्टर म्हणाले, अंगात ड जीवनसत्त्व उरलेलं नाही, त्यामुळे कॅल्शियम हाडांत मुरत नाही. पुडी घ्या आणि रोज उन्हात बसा. “रिकामंच बसायचं व्हय? लोक काय म्हनतील?” असं पुटपुटत त्या खाली गेल्या. तासाभराने वॉचमन बोलवायला आला. सोसायटीने हौसेने लावलेल्या लॉनचा एक कोपरा सासूबाईंनी, बसल्या बसल्या सरकत, खुरप्याने पार मोकळा केला होता. मी कपाळाला हात लावला. पदराने घाम पुसून त्या समाधानाने म्हणाल्या, “किती गवात माजलं हुतं गं आपल्या रानात.” आता हाडं माझी दुखतात आणि डॉक्टर तेच सांगतात. त्याच लॉनवर खुर्ची टाकून मी उन्हात बसते, पण हातांचं काय करायचं, ते कळत नाही.