नवरा-बायकोच्या वयाचं गणित

आमच्या बंगळूरच्या चामराजपेटेतल्या मराठी घरांत मुलगी बघायला गेलं की मुलाकडच्या थोरांनी प्रश्न विचारायचे, अशी रीत. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. मुलाने मात्र मान खाली घालून केसरीबात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, खायचा. मला एवढं जमलं असतं तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून, पण गणितात आपल्याला तोड नाही असा माझा ठाम समज. मुलगी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. समाजाच्या गणेशोत्सवात गलका करणाऱ्या पोरांना हसत हसत दम देताना तिला पाहिलं, तेव्हाच मी खलास झालो होतो. हे घरी सांगायची छाती नव्हती. तिने होकार द्यावा एवढंच मला हवं होतं, म्हणून छाप पाडायला एक गणित स्वतः रचून नेलं. अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, वाटेतच बजावलं होतं की तू आपलं तोंड उघडू नकोस.

मी उघडलं. "एका नवरा-बायकोच्या वयांची बेरीज पाच वर्षांपूर्वी चाळीस होती. पाच वर्षांनी ती साठ होईल. तर दोघांची वयं किती?"

नवऱ्याला एक्स धरा, बायकोला वाय धरा, दोन समीकरणं मांडा नि सोडवा. मी खुशीत पाय हलवत बसलो. तिने कागदसुद्धा मागितला नाही.

"पाच वर्षांपूर्वी चाळीस, म्हणजे आज पन्नास," ती म्हणाली. "पाच वर्षांनी साठ, म्हणजेही आज पन्नासच. तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगितलीत. नवरा तीस नि बायको वीस चालेल. नवरा चव्वेचाळीस नि बायको सहा, तेही चालेल."

तिच्या काकांना ठसका लागला. दोन समीकरणं दिली की उत्तर येतंच, असं मी धरून चाललो होतो. दोन्ही एकच निघाली तर काय, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. झालं, गेली ही हातची, असं वाटलं आणि मला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं.

"दुसरी अट वेगळी हवी," ती म्हणाली. "ती मी घालते. लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही."

अशा वेळी थोरांनी 'कळवतो' म्हणून उठायचं असतं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उपरणं सावरलंही. त्यांच्याआधी मीच बोललो, "सरी." म्हणजे कानडीत 'बरोबर, कबूल'. घरी पोचेपर्यंत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत, आणि लग्नाच्या दिवशीही बेताचंच बोलले.

ती निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. दर वर्षी समीकरणांचा धडा आला की फळ्यावर पहिलं गणित माझंच. पोरी उत्तर शोधून दमल्या की ती सांगायची, हे गणित घालणारे गृहस्थ माझ्याच घरी राहतात, पण त्यांना विचारू नका, त्यांना ते अजून सुटलेलं नाही.