शेकाट्याचा फोटो

एरॉल तुस्कानोने एकतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजले आणि त्या काळात कधी मान वर करून आभाळ पाहिलं नाही, असं त्याची बायको लिडिया सगळ्यांना सांगायची. निवृत्तीनंतर हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने, प्रिस्काने, लांबचं जवळ आणणारा झूमचा कॅमेरा हातात ठेवला. "डॅडी, नुसतं चालून कंटाळशील. फोटो काढ."

तेव्हापासून थंडी पडली की हा माणूस पोरासारखा व्हायचा. सहाला उठून कानटोपी, थर्मासात कोरा चहा, आणि माणिकपूरच्या घरून स्कूटर थेट नायगावच्या खाडीकडे. तिथल्या ओस मिठागरांवर डिसेंबर-जानेवारीत पाखरांची जत्रा भरते. त्यातही एरॉलचा जीव शेकाट्यावर. काळेपांढरे पंख आणि काडीसारखे लांबलचक लाल पाय. "देवाने याला बनवताना पायांचं माप चुकवलं," तो लिडियाला सांगायचा, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवायचा.

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. धुकं विरलं तसा एरॉल बांधावर पोचला. समोर ओहोटीचा चिखल, त्यात जाळी बांधायला रोवलेले बांबू. एका बांबूपाशी शेकाट्या पंख पसरून उडायच्या बेतात होता. मागून कोवळं ऊन, पंख आरपार उजळलेले. एरॉलने श्वास रोखला आणि बटण दाबलं. एक, दोन, दहा. मग त्याच्या लक्षात आलं, हा उडत का नाही?

त्याने झूम वाढवला. बांबूला पतंगाचा मांजा गुंडाळला होता आणि त्याचं दुसरं टोक पंखात रुतलं होतं. पक्षी झेपावत होता, ताणला की कोसळत होता. त्याचा डोळा, चोचीवरचा चिखल, पंखाखालचा रक्ताचा ठिपका, सगळं हाताच्या अंतरावर असल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. कॅमेरा खाली घेतला की मात्र ऐंशी-नव्वद पावलांवरचा एक ठिपका.

एरॉलने चपला काढल्या आणि चिखलात उतरला. चौथ्या पावलाला गुडघा गेला, सहाव्याला मांडी. पाय उपसेना. छाती धडधडू लागली.

"ओ कॅमेरावाले! हलू नका!" बांधावरून शांताराम धावत आला. या मिठागरांवर त्याची हयात गेली होती. त्याने एक फळी पुढे सरकवली, एरॉलला तीवर पोटावर झोपवलं आणि ओढून काढलं. "मरायचं हाय काय? तिथं मानूस उभा रात नाय."

"ते बघा, ते पाखरू..."

"बघितलं. सकालपास्नं बघतोय. एका फळीवर तिथवर जाववत नाय. होडी गेली मासेमारीला, दुपारशिवाय येनार नाय." त्याने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. "आनि पानी भरायला लागलंय."

एरॉलने पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. पलीकडची मुलगी मनापासून ऐकत होती. "काका, संक्रांतीपासून फोन थांबत नाहीयेत. आमची दोन्ही माणसं विरारला आहेत. दीड तास तरी लागेल."

"दीड तासात पाणी चढेल हो!"

"सॉरी, काका," ती म्हणाली.

पाणी खरोखर चढलं, अगदी सावकाश. आधी लाल पाय बुडाले. शांतारामने बिडी पेटवली आणि पाठ फिरवून बसला. एरॉलला पाठ फिरवता येईना. पाहवतही नव्हतं. पंख दोनदा पाण्यावर आपटले, आणि मग नुसता बांबू उरला.

"चला, घरी जा. पाय धुवा," शांताराम हलकेच म्हणाला.

घरी आल्यावर एरॉल न्हाणीघरात बराच वेळ नळाखाली बसून राहिला. बाहेर लिडियाने सवयीने कॅमेरा उघडला होता. तो आला तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"एरॉल, काय फोटो आलाय रे हा! पंख बघ. परीसारखा दिसतो." चष्मा न लावता ती पाहत होती. मांजा तिला दिसलाच नव्हता. "प्रिस्काला पाठवला. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या ग्रुपवरही टाकला."

"लिडिया, तो..." त्याने तोंड उघडलं. इतक्यात फोन वाजला. प्रिस्का ओरडत होती, "डॅडी, आजवरचा बेस्ट! मी मोठा करून फ्रेम करणार आहे!"

तो "हं" म्हणाला. लिडियाच्या डोळ्यांत किती दिवसांनी एवढा आनंद दिसत होता.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या टोनीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय टायमिंग, एरॉल! उडता पक्षी असा पकडायला नशीब लागतं."

"तो उडत नव्हता," एरॉल म्हणाला.

पण आवाज फार बारीक निघाला, आणि टोनी तोवर दुसऱ्या कुणाला तरी फोनवरचा तो फोटो दाखवायला वळला होता.