आवडाबाईचं भुंकणारं लुगडं

आगगाडी ठाण्याला येऊन तीसएक वर्षं झाली असतील, त्या वेळची गोष्ट. बाळकुमच्या आवडाबाईला गाडीचं काही अप्रूप नव्हतं. तिची स्वतःचीच फेरी चालू असायची, आणि तिला कुणी शिटी वाजवून वाट करून देत नव्हतं. सकाळी गावच्या विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर घ्यायचे आणि खाडीकाठच्या मिठागरावर न्यायचे. दुपारी परत तेच. आगरात जिकडे बघावं तिकडे पाणी, पण तोंडात घालायची सोय नाही. चाळीस माणसं उन्हात मीठ ओढायची, त्यांचा घसा आवडाबाईच्या डोक्यावरून चालत यायचा.

चाळीस माणसांच्या हिशेबात एक जीव धरलेला नव्हता. तो म्हणजे आगरावरचा कुत्रा.

मिठाच्या राशी उभ्या राहिल्या की होड्यांतून चोर येतात, म्हणून मुकादम काळुराम दर वर्षी दिवाळी झाली की एक कुत्रा आणायचा. बांधावर खाडीकाठच्या तिवराच्या झाडाचा जाड खुंट पुरलेला होता, त्याला पाच हात लोखंडी साखळी होती. कुत्रा त्या साखळीला बांधला की पावसाळा लागेपर्यंत सुटायचा नाही. वर छप्पर नाही, जवळ झाड नाही. खाली मिठानं पांढरी पडलेली जमीन. दुपारी ती अशी चमकायची की माणसं डोळ्यांवर फडकं ओढून घ्यायची. कुत्र्याला कुठलं फडकं? तो आपला वाफ्यातल्या खाऱ्या पाण्याला जीभ लावायचा आणि मग जास्तच धापा टाकायचा.

आवडाबाई आपल्या वाटणीचं पाणी करवंटीत ओतून त्याच्यापुढं ठेवायची. काळुरामनं ते पाहिलं की तो ओरडायचा, "अगं ए आवडे, पानी मानसांचं हाय!"

"माज्या वाटनीचं हाय. मी नाय पित, तो पितं. तुजं काय जातं?"

"उद्या चक्कर येऊन पडशील, मंग हंडं कोन आनील?"

"तुजी बायको."

माणसं हसायची, काळुराम चिडायचा. पण हसून साखळी काही तुटत नाही. तिनं त्याला समजावून पाहिलं. रात्री बांध, दिवसा सोड. निदान चार झावळ्यांची सावली तरी कर. काळुरामचं उत्तर ठरलेलं असायचं, "सुटा कुतरा राखन करत नाय."

"आनि बांधलेला करतं? आगर हितून त्या तिवरापातूर, साखली पाच हात. तो भुकतं, नि चोर पाच हात सोडून बाजूनं जातान."

काळुराम यावर बिडी पेटवायचा. त्याच्याजवळ उत्तर नसलं की बिडी असायची.

आता त्या आगरावर एक रीत होती. संक्रांतीनंतर पहिली रास घालायची, त्या दिवशी मालक परशुरामपंत ठाण्याहून स्वतः यायचे, छत्री घेऊन, धोतर वर खोचून. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि मानाच्या बाईनं मिठाची पहिली पाटी ओतायची. मग मालकानं विचारायचं, "बाई, काय पाहिजे?" राशीपुढं ती जे मागेल ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर त्या साली मीठ धरत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत, आणि नकार ऐकून एकाही माणसानं पाटी उचलली नसती. तशी मागणीही ठरलेलीच होती. मानाची बाई लुगडं मागायची, पंत लुगडं बरोबरच घेऊन यायचे.

मान आवडाबाईच्या सासूचा होता. सासू गेली आणि तो आवडाबाईकडे आला. पहिल्याच वर्षी तिनं पाटी ओतली. पंतांनी विचारलं. पंतांच्या गड्यानं लुगड्याची घडी पुढं केली. आवडाबाईच्या अंगावरच्या लुगड्याला तेव्हा सात ठिगळं होती.

ती म्हणाली, "मना यो कुतरा पायजे."

पंत आधी चकित झाले, मग हसले. "कुत्रा? अहो बाई, घेऊन जा की! काळुराम, सोड रे त्याला."

लुगड्याची घडी पंतांबरोबर ठाण्याला परत गेली. कुत्र्याचं नाव झिप्र्या ठेवून आवडाबाई त्याला घरी घेऊन आली. वाटेत त्याला धड चालता येईना. पाच हात चालला की थांबायचा, मागं बघायचा.

तिचा नवरा गणू दारात जाळं विणत बसला होता. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "लुगडं कुठंय?"

"ह्येच."

"नेसून दाव."

विहिरीवर ही गोष्ट आधीच पोचली होती. शेजारच्या आगरावर पाणी वाहणारी ठमाबाई तिची मैत्रीण. तिच्या आगरावरही हीच रीत, आणि तिथला मान ठमाबाईचा. ती कळशी घासत म्हणाली, "बाई बाई, आमची लुगडी फाटतान, हिचं लुगडं भुकतं!"

आवडाबाईसुद्धा हसली. मनातून तिला बरं वाटत होतं. एक जीव सुटला.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ती हंडे घेऊन आगरावर गेली, तर खुंटाला नवा कुत्रा. साखळी तीच. त्याचं नाव तिनं खापऱ्या ठेवलं. पुढची संक्रांत आली, तिनं खापऱ्याला मागून घेतलं. मग तिसरा. पुढच्या वर्षी चौथा. रास पडली की ती कुत्रा सोडवायची, आणि आठवड्याच्या आत काळुराम गावातून दुसरा धरून आणायचा. ते तिला दिसायचं, पण वाटायचं, मालकाला कधीतरी लाज वाटेल.

लाज कसली वाटते! चौथ्या वर्षी पंतांनी लुगडं बरोबर आणलंच नाही. हसत हसत स्वतःच म्हणाले, "यंदाही कुत्राच ना, आवडाबाई?"

त्या दिवशी ती कुत्रा घेऊन घरी आली आणि ओट्यावर बसून राहिली. अंगणात चार कुत्री. एक लंगडं, एक म्हातारं, दोन एकमेकांच्या अंगावर गुरगुरणारी. गणूनं भाकरीचे तुकडे टाकले आणि म्हणाला, "मानसं दोन, कुतरी चार. आता तीच आपल्याला पालतीन."

 आवडाबाई म्हणाली, "माजं चुकलं."

"तं मी काय सांगतोय चार वर्सं?"

"तसं नाय. मी कुतरा सोडवतंय नि खुंटा मोकला करून देतंय. मालकाचं लुगडं वाचतं, वर दमलेला कुतरा जातं नि ताजा येतं. मीच त्याचं काम करतंय." तिनं पाय चोळले. टाचांच्या भेगांत मीठ भरलं होतं. "दमले रे मी."

गणूला यावर काही थट्टा सुचली असेल, पण त्यानं ती केली नाही. उठून त्यानं तिला पाणी दिलं.

पाचव्या वर्षी संक्रांतीनंतर पहिली रास पडली. नारळ फुटला. आवडाबाईनं पाटी ओतली. मागं चाळीस माणसं भरल्या पाट्या घेऊन उभी. खुंटाजवळ एक तांबडा कुत्रा जीभ बाहेर काढून पडला होता.

"बोला आवडाबाई," पंत म्हणाले आणि घरी जायला छत्री उघडू लागले. "कुत्राच ना?"

"कुतरा तुमचा तुमाला ऱ्हावं दे. मना साखली पायजे."

छत्री अर्धी उघडी राहिली. "साखळी? साखळी घेऊन काय करणार तुम्ही?"

"राशीपुढं सांगावं लागतं का?"

"अहो, लुगडं घ्या. हवं तर दोन घ्या. उद्या पाठवतो."

"नको."

पंतांनी काळुरामकडे पाहिलं. काळुरामनं बिडी शोधली. मागं एकाचीही पाटी हलत नव्हती, आणि उन्हं चढत होती. भरल्या पाटीखाली उभं राहणं काय असतं ते पंतांना ठाऊक नसेल, पण न हलणारी चाळीस माणसं त्यांना दिसत होती.

"दे रे त्यांना," ते म्हणाले.

देणं तरी सोपं कुठं? इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं साखळीची कडी खुंटाला गंजून चिकटली होती. काळुराम दगड घेऊन बसला तो दुपारपर्यंत ठोकत राहिला. "त्यापरीस लुगडं मागितलं असतंस तं काय बिघडलं असतं!" असं तो दर दहा घावांनी म्हणत होता. आवडाबाई शेजारी कुत्र्याला धरून बसली होती. कडी तुटली तेव्हा तिनं काळुरामलाही करवंटीभर पाणी दिलं.

मग काळुरामनं कुत्रा काथ्याच्या दोरीनं बांधला. तिसऱ्या दिवशी तांबड्यानं दोरी कुरतडली. दुसरी बांधली, तीही गेली. तिसरी कुरतडायची वेळच आली नाही, ती खाऱ्या ओलीनं आपणच कुजली. पंतांनी निरोप पाठवला की नवी साखळी घ्या. काळुरामनं उलट निरोप धाडला, "ती बाय पुढल्या वर्साला ती पन मागंल, आनि ठोकायला मनाच बसवाल." पुन्हा कुणी साखळीचं नाव काढलं नाही. कुणाला दया आली असं नाही. सगळ्यांनाच कंटाळा आला.

तांबड्या पळून गेला नाही. सकाळी तो आवडाबाईच्या हंड्यामागं विहिरीपर्यंत यायचा, संध्याकाळी राशींमध्ये हिंडायचा. काळुराम त्याला मासळीची डोकी टाकायचा आणि कुणी बघितलं की दगड मारल्यासारखं करायचा.

सहाव्या वर्षी खुंट रिकामाच होता. आवडाबाईनं पाटी ओतली आणि म्हणाली, "लुगडं." पंतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं. सहा वर्षांत पहिलं.

घडी काखेत मारून ती घरी निघाली. बांधावर तिला ऐकू आलं, शेजारच्या आगरावर साखळी वाजत होती. तिथंही कुत्रा होताच की. वर्षानुवर्षं होता. स्वतःच्या आगरावरचं आवरेपर्यंत तिनं तिकडे कान दिला नव्हता, इतकंच. त्यांची पहिली रास अजून दोन दिवसांवर होती.

 ती वळून विहिरीवर गेली. ठमाबाई पाणी शेंदत होती. तिच्या लुगड्याचा पदर खांद्यावर पार विरला होता.

आवडाबाईनं घडी तिच्या पुढ्यात ठेवली. "ह्ये घे. नि परवाच्याला तुज्या राशीपुढं साखली माग."

ठमाबाईनं लुगड्यावरून हात फिरवला, काठ बघितला. "आनि तू काय नेसशील गं?"

"माजं हाय की. ठिगलं धरून हाय."

घरी गणूनं तिचे रिकामे हात पाहिले आणि लुगडं कुठंय असं विचारलंच नाही. विहिरीवरची गोष्ट दारात आधीच पोचली होती, आणि आता तो शहाणा झाला होता. त्यानं एवढंच विचारलं, "ठमीच्या आगराच्या पलीकडं कुनाचं आगर हाय?"

"ठावं नाय," आवडाबाई म्हणाली आणि पाय पसरून ओट्यावर टेकली. "जाऊन इचारीन. आज पाय दुखतान."