भिंतीकडे तोंड केलेला पाळणा

स्टीलच्या वाटीला चमचा लागला की जो बारीकसा आवाज होतो, तो मला अजूनही सहन होत नाही. घरात कुणी ताक ढवळत असेल तर मी उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतो. कारण कुणी विचारत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस वर्षं काढलेला माणूस जरा चक्रम असणार, असं घरच्यांनी धरून ठेवलं आहे.

मी एकेचाळीस वर्षांचा असताना आम्हाला जुळ्या मुली झाल्या. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आमचं गाव शहादा तालुक्यात, कापूस आणि उसाच्या पट्ट्यात. मुली आठव्या महिन्यातच आल्या. गळीत हंगामाची शेवटची धांदल चालू होती, रात्रंदिवस ट्रॅक्टर काट्यावर उभे होते. निरोप मिळून मी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघी काचेच्या पेटीत होत्या आणि त्यांच्या मनगटांवर प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. एकीवर बाळ एक लिहिलं होतं, दुसरीवर बाळ दोन. चेहऱ्यात तिळाएवढाही फरक नव्हता.

दोन आठवड्यांनी घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "मोठी ठीक आहे, अंगावर पिते. धाकटीची ओढायची ताकद कमी आहे. दोन घोट घेतले की दमून झोपते. आपल्याला वाटतं पोट भरलं, पण ते भरलेलं नसतं. इथे आम्ही तिला चमच्याने पाजत होतो, तसंच तुम्ही पाजा. आईचं दूध काढायचं, ही पूड मिसळायची, वाटी-चमच्याने दर दोन तासांनी." मोठी एक हजार नऊशे ग्रॅमची होती, धाकटी एक हजार सातशेची. दोनशे ग्रॅम म्हणजे एखादा मोठा पेरू. दुपट्यात गुंडाळल्यावर तो फरक हाताला कळत नाही. निदान माझ्या हाताला तरी कळला नाही.

त्या दिवशी त्यांना घरात ठेवून मी उरलेले आठ दिवस भरायला कारखान्यावर परत गेलो. जाताना बायकोला आणि मायला बजावून गेलो की चमच्याचं दूध धाकटीला. दोघींनी मान हलवली. मी निघाल्यावर मायने पहिली आंघोळ घातली, तेव्हा मनगटावरच्या पट्ट्या कात्रीने कापून टाकल्या. "ह्या काय बेड्या घालेल शेतस पोरीसले!" असं ती म्हणाली होती म्हणे. बायको तेव्हा तापाने पडून होती. ओळखायला खूण हवी म्हणून मायने मोठीच्या पायात काळा दोरा बांधला. नावं ठेवायची नव्हती. इतक्या नाजूक पोरींची नावं सव्वा महिन्याआधी कुणी उच्चारू नयेत, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा घरात एक दोऱ्याची होती आणि एक बिनदोऱ्याची.

हंगाम संपवून मी घरी आलो तो एप्रिलच्या उन्हात. बायको रात्रभर जागायची आणि दुपारी मधल्या खोलीत झोपायची, म्हणून दुपारचं पाजणं मी अंगावर घेतलं. आमच्याकडची एप्रिलची दुपार बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. बाराला दारं लागतात. गल्लीत कुत्रंही दिसत नाही. खिडकीला ओला पडदा लावलेला, खोलीत हिरवट अंधार आणि कुठेच आवाज नाही. माय पुढच्या खोलीत कलंडायची आणि डोळे मिटता मिटता दर दिवशी मला एकच सांगायची, "भाऊ, बारानी येळ शे. पोरीसले एकलं सोडू नको."

मागच्या खोलीत दोन पाळणे होते, समोरासमोर. मी मधे बसायचो आणि बिनदोऱ्याचीला मांडीवर घ्यायचो. वाटीत दूध ओतायचं, पूड टाकायची, चमच्याने हलवायचं. पहिल्याच दिवशी, चमचा वाटीला लागला तसं, समोरच्या पाळण्यात दोऱ्याचीने तोंड उघडलं.

मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी गंमत उरली नाही. दोऱ्याची रडत नव्हती. डोळे मिटलेले, हात छातीशी, आणि तोंड पूर्ण उघडं. आवाज नाही. मी चमचा थांबवला की तोंड हळूहळू मिटायचं. पुन्हा वाजला की पुन्हा उघडायचं. मांडीवरची मान फिरवायची, थुंकायची, दूध गळ्यावरून खाली यायचं. मी तिचे गाल दाबून पाजत होतो आणि समोर ते लहानसं काळं भोक माझ्याकडे रोखून होतं. तोंडही माणसाकडे रोखून पाहू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मायला सांगितलं तर ती उठून बसली. "दूध पेतांना दुसरीनी देखाले नको," ती म्हणाली. "जुळी पोरं शेत. एक दुसरीनं वढी लेस. नजर लागस." मी बारावी शिकलेला, संगणकावर वजनं टिपणारा माणूस. मी हसलो. पण पूड मिसळलेलं दूध पिऊनही बिनदोऱ्याची ओकत होती, आणि दोऱ्याची काही न मागता पडून होती. माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. ही दुसरीचं ओढून घेते आहे. याच्याही पुढचा विचार एका दुपारी मनात आला, तोही लिहून टाकतो. ही आपली नाही, हिच्या जागी दुसरंच काहीतरी पाळण्यात आहे, असं मला वाटलं.

त्या दुपारी मी उठलो, दोऱ्याचीचा पाळणा धरला आणि तिचं तोंड भिंतीकडे जाईल असा फिरवला. वरून माझा रुमाल टाकला.

आता ते तोंड दिसत नव्हतं. मी निवांतपणे दूध पाजलं. रुमालाखाली काय होत असेल, ते बघायला मी गेलो नाही. चमचा वाजायचा, मी पाठ फिरवून बसायचो, आणि पाठीला ते कळायचं. पाजून झालं की रुमाल उचलायचो, पण पाळणा तसाच ठेवून ओट्यावर जाऊन बसायचो. चार दुपारी मी असं केलं.

पाचव्या दिवशी सकाळी आशाताई वजन करायला आल्या. त्या गावातल्याच, मायला आजी म्हणायच्या. त्यांनी वहीत दवाखान्याच्या कागदावरचे आकडे उतरवून घेतले आणि झोळीचा काटा दाराच्या कडीला टांगला.

"पहिले मोठीले आना, आजी."

मायने दोऱ्याचीला झोळीत ठेवलं. काटा एक हजार सहाशे ऐंशीवर थांबला. आशाताईंनी वही पाहिली, काटा पाहिला, झोळी सोडवून पुन्हा टांगली. तोच आकडा.

"कमी व्हयनं वं," त्या हळूच म्हणाल्या. "दोनशेवर कमी."

"गरीब पोर शे ती," माय म्हणाली. "रडत बी नही, मांगत बी नही."

मग बिनदोऱ्याची. दोन हजार तीनशे पन्नास. पंधरा दिवसांत साडेसहाशे ग्रॅम वाढ. आशाताई हसल्या. "हाई काय दूध पेस का ऊस खास?"

मी हसलो नाही. माझं आयुष्य काट्यावर गेलं आहे. एका गाडीचं वजन न पटणारं कमी आणि लगेच मागच्या गाडीचं न पटणारं जास्त आलं, तर आम्ही काट्यावर संशय घेत नाही. आधी टोकन बघतो. नंबर बदललेले असतात. मी मनातल्या मनात दोघींची टोकनं बदलून पाहिली. एक हजार नऊशेची दोन हजार तीनशे पन्नास झाली. एक हजार सातशेची एक हजार सहाशे ऐंशी. हिशोब बसला.

"माय," मी म्हणालो, "पहिले कोनती झायी?"

मायने बिनदोऱ्याचीकडे बोट केलं. "हाई झायी पहिले."

"मंग हाई धाकली कशी?"

माझं डोकं फिरलं आहे अशा नजरेने तिने पाहिलं. "मांगून येस ती मोठी ऱ्हास, भाऊ. ती आधी जाईसन वर बठनी, म्हनीसन उतराले मांगे ऱ्हायनी. तुले इतलं बी मालूम नही?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात जुळं यापूर्वी झालंच नव्हतं. दवाखान्याची धाकटी म्हणजे आमच्या घरची मोठी होती. डॉक्टर बरोबर होते, मायही तिच्या जागी बरोबर होती, आणि दोघांमधला निरोप्या मी होतो. ज्या पोरीला चमच्यावाचून पोट भरता येत नव्हतं, तिच्यासमोर बसून मी तिचं दूध दुसरीच्या तोंडात कोंबत होतो. दवाखान्यात दोन आठवडे तिला चमच्यानेच पाजलं होतं. वाटी वाजली की दूध येतं, एवढी एकच गोष्ट तिला या जगाबद्दल ठाऊक होती. ती ऐकायची आणि तोंड उघडायची. रडण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

आशाताई आणि आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. नळीवाटे, मग चमच्याने, पाच दिवस. डॉक्टर रागावले, मायला आणि मला दोघांना. मायने तिची चूक सगळ्यांसमोर कबूल केली. माझी अदलाबदल सगळ्यांना कळली, पण पाळणा आणि रुमाल कुणालाच कळले नाहीत. मी सांगितले नाहीत.

पुढचे तीन महिने आम्ही ग्रॅममध्ये जगलो. ती दोन किलोची झाली त्या दिवशी मी आशाताईंच्या वहीतला आकडा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपला. एका सकाळी तिने असा टाहो फोडला की शेजारच्या बाई कणकेच्या हातांनी धावत आल्या, आणि आम्ही तिघं त्या रडण्याभोवती उभं राहून हसत होतो. "येडा व्हयनात का?" बाईंनी विचारलं. मायने उत्तर दिलं, "रडू दे, रडू दे. मन्ही मोठी जगसंगे भांडी ऱ्हायनी." दोरा मायने सोडला नाही. शेवटपर्यंत ती तिची मोठीच राहिली. आता माय नाही.

मुली आता सात वर्षांच्या आहेत. दोघी सारख्याच उंच, सारख्याच भांडखोर. मागची खोली मात्र आम्ही वापरत नाही. तिथे बायकोने धान्याच्या कोठ्या लावल्या आहेत आणि दुपारी तिकडे मुलींना पाऊल ठेवू देत नाही. मी कधी कारण विचारलं नाही. मला त्या खोलीत जावं लागत नाही, एवढं मला पुरे होतं.

गेल्या महिन्यात बिनदोऱ्याचीला ताप आला. दुपारी मी वाटीत औषध काढलं. चमचा वाजला. दोऱ्याची आमच्याकडे पाठ करून भिंतीजवळ चित्र काढत बसली होती. कपाटाच्या आरशात मला तिचा चेहरा दिसला. पेन्सिल थांबली होती आणि तोंड उघडलं होतं. तिचं तिलाही कळलं नसावं. हे असं नेहमी होतं. म्हणून मी नेहमी दोन चमचे भरतो, एक औषधाचा आणि एक तिच्यासाठी साखरेच्या पाण्याचा.

बायको दारात होती. "आजारी एक, अन् चमचा दोन," ती हसत म्हणाली. "दुसरीले आगाऊ दवा देतस का?"

का कुणास ठाऊक, या वेळी मी ते हसण्यावारी नेलं नाही. तिला स्वयंपाकघरात नेऊन मी सगळं सांगितलं. ते तोंड, ते मनात आलेलं, पाळणा, रुमाल, चार दुपारी, आणि दुसऱ्या चमच्यातलं साखरेचं पाणी.

ती रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण रागाने नाही.

"तुमी?" ती म्हणाली. "पाळना तुमी फिरायेल व्हता?"

मी मान हलवली.

"मी झोपमाईन उठू तं पाळना भितडाकडे. रोज. खोलीमा कोनी नही." ती ओट्याला धरून उभी होती. "मी सरका करी ठेऊ, दुसरा दिन परत तसाच. मले वाटे, घरमा काहीतरी शे. पोरले लेवाले येल शे. सात वरीस मी त्या खोलीले भ्यायनू, अन् तुमी व्हतात?"

मी एक गोष्ट लपवली, तिचं भूत झालं, आणि ते सात वर्षं माझ्याच घरात माझ्याच बायकोच्या उशाशी बसून राहिलं. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ते खरं होईल अशी तिला भीती होती. मीही त्याच भीतीने गप्प होतो.

तिने माझ्या हातातला साखरेच्या पाण्याचा चमचा घेतला आणि मोरीत ओतला. पातेल्यातलं दूध गरम केलं, वाटीत घातलं आणि वाटी माझ्यासमोर धरली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"साखरनं पानी काय देतस तिले इतला दिन," ती म्हणाली. "दूध द्या. वाटी रिकामी व्हस तवलगून उठू नका."

मी भिंतीपाशी जाऊन बसलो. दोऱ्याचीने वळून पाहिलं आणि म्हणाली, "मी लहान शे का, चमच्यानी पेवाले?"

तरी तिने तोंड उघडलं. मी पाठ फिरवली नाही.