कपाला टेकलेली किटली

काकांचा फोन आला तेव्हा मी महाराज बाड्याच्या चौकात ऑटो शोधत होते. "मावशी गेली गं..." एवढंच म्हणाले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. रडू यायच्या आधी माझ्या मनात भलताच प्रश्न आला, आता तिच्या केसचं काय होणार? महिना उलटून गेला, तरी तो प्रश्न काही मला सोडत नव्हता.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण, काका तिचे यजमान. आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत तिचा टोमणा न खाल्लेला माणूस सापडणं कठीण. काही वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर आपल्यातलेच, काकांच्या मराठी मंडळातले, गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे. शनिवारी डोळा ठणकायला लागला, दिसणं धूसर झालं. फोन केला तर म्हणाले, "ड्रॉप्स चालू ठेवा, सोमवारी बघू." दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, म्हणून आई मागे लागली. काका म्हणाले, "त्यांना वाईट वाटेल. घरचा माणूस आहे." मावशीही गप्प बसली. आयुष्यात एकदाच भीड धरली बाईने, तीही नको तिथे! सोमवारपर्यंत जंतुसंसर्ग आत पसरला होता. तो डोळा कायमचा गेला.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. चहा कपाबाहेर सांडायचा. मग ती आधी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची, टिंग असा आवाज आला की ओतायची. कोणी किटली घ्यायला पुढे झालं तर हात झटकायची.

तिने ग्राहक आयोगात तक्रार केली आणि आमचं मराठी मंडळ हादरलं. हळदीकुंकवाला एकीने विचारलंच, "त्यांनी जाणूनबुजून थोडीच केलं?" मावशी म्हणाली, "जाणूनबुजून केलं असतं तर पोलिसांत गेले असते. हा हलगर्जीपणा आहे, त्याची जागा वेगळी." वकिलांनी तिला नीट समजावलं होतं. जंतुसंसर्ग कोणालाही होऊ शकतो, तेवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. पण लक्षणं सांगूनही वेळेवर तपासलं नाही, तर दाद मागता येते. दवाखान्यातले कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क, तेही तिने मागून घेतले. तज्ज्ञाचं मत लिहून द्यायला मात्र गावातलं कोणी तयार होईना. शेवटी इंदूरच्या एका निवृत्त नेत्रतज्ज्ञांनी दिलं.

काका एकाही पेशीला, आयोगातल्या सुनावणीला, गेले नाहीत. मंडळात तोंड कसं दाखवू, म्हणायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मावशीसोबत मीच जायची. एकदा समोरच्या वकिलाने विचारलं, "तकलीफ़ थी तो दूसरे डॉक्टर के पास क्यों नहीं गईं?" मावशी शांतपणे म्हणाली, "भरोसा था. वही तो शिकायत है." परतताना प्रवासी टेम्पोत मी विचारलं, तुला नक्की हवंय तरी काय? "त्या डॉक्टरने एकदा म्हणावं, शनिवारीच बघायला हवं होतं. बस्स."

गेल्या आठवड्यात मी काकांकडे गेले, तर मंडळातले दोघे बसलेले. तक्रार करणारी गेली तरी तक्रार संपत नाही, वारसाला ती पुढे चालवता येते, असं वकिलांनी कळवलं होतं. मूलबाळ नाही, म्हणजे वारस काकाच. "आता ती गेली. सोडून द्या ना, कोणासाठी लढायचं?" एक जण म्हणाला. काका उठून आत गेले, चहा करून घेऊन आले.

काकांचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. तरी त्यांनी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवली. टिंग. मग चहा ओतला. प्रत्येक कपाला तसंच. माझा कप माझ्या हातात देत, त्या दोघांच्या देखत म्हणाले, "पुढच्या पेशीला सोबत येशील ना? मला तिथला रस्ता माहीत नाही गं."