नानांची विलायती मोटारबोट

माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. जळगावात त्यांचं कापसाचं जिनिंग होतं. पैसा भरपूर आणि अक्कल त्या मानानं फारच बेताची, हे माझं मत लग्नानंतर वर्षभरातच पक्कं झालं होतं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कापूस व्यापाऱ्यांच्या एका मंडळाबरोबर ते विलायतेला गेले. तिथल्या एका तळ्यावर कुणी साहेब मडमेला बसवून मोटारबोट पळवत होता. नानांनी तसलीच एक बोट विकत घेतली. कारण एवढंच, की एरंडोलच्या एका व्यापाऱ्यानं नुकतीच परदेशी मोटार आणली होती आणि नानांना त्याच्यावर ताण करायची होती.

परत आल्यावर त्यांनी ओटीवर चार खुशमस्कऱ्यांसमोर बातमी फोडली. बोट तापीच्या डोहात सोडायची, मग बठ्ठा जळगाव बघायला येणार. मी चहा घेऊन गेले होते. विचारलं, "नाना, आयातीचा परवाना काढलाय?"

"पैसा दिधा ना मी? मंग बोट मनी शे. सरकारना काय संबंध?"

चौघांनी माना डोलावल्या. नानांनी शिंक दिली असती तरी त्यांनी डोलावल्या असत्या.

घरात इंग्रजी नीट वाचणारी मी एकटीच. पुण्याला कॉलेजात शिकले होते, त्याचा सासरी इतर कुणाला उपयोग नव्हता. मी माझ्या भावाकडून आयातीच्या नियमांचं पुस्तक मागवलं आणि नानांना वाचून दाखवलं. परवाना आधी, खरेदी मागून. चैनीच्या वस्तूंना परवाना मिळणं जवळजवळ अशक्य. आणि जकात बसते ती मालाच्या खऱ्या किमतीवर, आणणाऱ्या जहाजाचं भाडं आणि विमाही त्यात धरून. विकणाऱ्याकडून पावतीवर कमी आकडा लिहून घेतला म्हणून ती कमी होत नाही. हे शेवटचं ऐकून नाना चमकले. म्हणजे तोही शहाणपणा करून झाला होता.

"बाईमाणूसले काय समजस त्यातलं?" म्हणून त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि मुंबईच्या एका दलालाला गाठलं. तो म्हणे गोदीतून हत्तीसुद्धा सोडवून आणायचा. त्यानं युक्ती काढली : ही मासेमारीची नाव आहे असं लिहून द्यायचं. अन्नाचा प्रश्न म्हटला की सरकार नरम पडतं.

बोट मुंबईला आली आणि कस्टमवाल्यांनी अडकवून ठेवली. गोदीचं भाडं चढू लागलं. सुनावणीला नानांनी मला बरोबर नेलं, कारण कागद वाचणार कोण? दलाल ऐनवेळी आजारी पडला होता.

अधिकारी मराठीच होता, शुद्ध पुस्तकी बोलणारा. त्यानं अर्ज वाचला, नानांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि शांतपणे विचारलं, "मासेमारी कुठं करणार?"

"तापीत," नाना म्हणाले.

"बोटीला मखमली गाद्या आहेत. त्या कोळ्यांसाठी?"

नाना माळेचे मणी चाचपू लागले.

"तुम्ही स्वतः मासे खाता का?"

"शिव शिव!" नाना खुर्चीतून अर्धे उठले. "आमना घरमा अंडंबी येत नाही साहेब! मासानं नाव बी काढू नका!"

अधिकाऱ्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला त्याचं कौतुक वाटलं. तो हसलासुद्धा नाही.

बोट जप्त झाली. दंड भरून सोडवायची मुभा होती, पण दंड, जकात आणि गोदीचं भाडं मिळून बोटीच्या किमतीच्या वर जात होतं. नानांनी तिच्यावर पाणी सोडलं. निदान एवढा हिशेब त्यांना आला. जिना उतरताना मला म्हणाले, "तू आधी सांगायला पाहिजे होतं." मी कागद पिशवीत कोंबून पुढं उतरले. उत्तर देण्याएवढीही किंमत मला त्यांना द्यायची नव्हती.

परतीच्या गाडीत पारोळ्याचा एक ओळखीचा अडत्या भेटला. त्यानं बोटीचं विचारताच नाना म्हणाले, "सरकारनं आरमारासाठी मागून घेतली. देशाचं काम, नाही कसं म्हणायचं?"

अडत्यानं हात जोडले. माझ्यानं राहवलं नाही.

"जप्त केली," मी म्हणाले. "खोटा अर्ज दिला म्हणून."

चाळीसगाव गेलं, पाचोरा गेलं, नाना खिडकीबाहेर बघत राहिले. अडत्या झोपल्याचं सोंग करून पडला होता. घरी पोचल्यावर ते सरळ ओटीवर गेले. तिथं चौघं वाट बघत बसलेच होते, आणि आरमाराची गोष्ट पुन्हा सुरू झाली. मी आत गेले.

सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. नवऱ्यासमोर मान वर करून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हळूच म्हणाल्या, "काय झालं वं?" मी सगळं सांगितलं. मखमली गाद्या, मासे, शिव शिव. त्यांचे हात थांबले. आधी खांदे हलले, मग पिठाचे हात तोंडावर धरूनही हसू आवरेना. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की ओटीवरचं बोलणं बंद पडलं.

"कोन हासी राह्यनं?" नानांनी बाहेरून विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू लागल्या.